जुन्या मोटारीचा तापलेला नळ

जुन्नर तालुक्यांतील बेल्ह्याचा सोमवारचा बाजार बैलांच्या खरेदी-विक्रीसाठीं प्रसिद्ध आहे. त्या बाजारांत जाणता शेतकरी बैल कसा पारखतो, हें पाहण्यासारखें असतें. तो आल्याबरोबर बैलाला हात लावीत नाहीं. चार पावलें दूर उभा राहून तो त्याची चाल पाहतो; खूर कसा टेकतो, मान कोणत्या अंगास झुकते, हें न्याहाळतो. मग दांत पाहतो आणि सर्वांत शेवटीं किंमतीची गोष्ट काढतो. खांद्यावर सूज दिसली, तर तेवढ्यावरून तो बैलाला नांवें ठेवीत नाहीं. जूं वांकडें असेल, जोडीचा बैल ओढीला कमी पडत असेल, किंवा गाडीचा भार पुढें झुकत असेल, असा विचार त्याच्या मनांत प्रथम येतो. सूज खांद्यावर असली, तरी तिचें मूळ खांद्यांतच असेल असें नाहीं, हें तो अनुभवानें जाणतो.

परंतु हाच जाणता गृहस्थ जेव्हां आपल्या जुन्या मोटारीचें झांकण उघडतो आणि आंत लोखंडाचा नळ लालभडक झालेला पाहतो, तेव्हां त्याची ही सारी पारख क्षणांत नाहींशी होते. नळ तापला, म्हणून नळ वाईट. नळ बदला, म्हणजे काम झालें, असें तो ठरवून टाकतो. या एका समजुतीपायीं पैसा व्यर्थ जातो, आणि पुष्कळदां नवा नळही पहिल्याच्याच वाटेनें जातो.

प्रसंग डोळ्यांपुढें आणण्यासाठीं एका जुन्या जिपेची कल्पना करावी. कल्याणहून माळशेज घाट चढून ओतूर, आळेफाटा, बेल्हे या मार्गानें अहिल्यानगरकडे, म्हणजे २०२४ सालापर्यंत ज्याला अहमदनगर म्हणत त्या शहराकडे, जाणारा हमरस्ता आहे. बेल्हे सोडलें, कीं थोड्याच अंतरावर आण्याचा घाट लागतो. ओढ्याच्या पाण्यानें खडक कोरून जेथें नैसर्गिक दगडी पूल तयार झाला आहे, ती गुळुंचवाडी याच वाटेवर. सोमवारचा बाजार आटोपून कुटुंबांतील पांच-सहा माणसें आणि सामानसुमान घेऊन ही जीप तिन्हीसांजेला घाट चढूं लागते. नेहमींपेक्षां ओढ कमी वाटते, म्हणून चालविणारा पेट्रोलचा पट्टा अधिक दाबतो. वर पोंचल्यावर जळकट वास येतो. गाडी थांबवून झांकण वर केल्यावर अंधारांत इंजिनाच्या कुशीला असलेला जाड नळ निखाऱ्यासारखा लाल दिसतो. गंमत अशी, कीं रेडिएटरचा कांटा मात्र जागच्या जागीं, अगदीं निर्विकार असतो.

या नळाला मोटारीच्या भाषेंत मॅनिफोल्ड म्हणतात. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरांतून जळालेला वायु बाहेर पडतो. चार सिलिंडरांच्या चार वाटा एकत्र करून तो वायु एकाच नळीनें सायलेन्सरकडे नेणें, एवढेंच याचें काम. तो बहुधा बिडाचा ओतलेला असतो. रेडिएटरांतील पाणी सिलिंडरांच्या भोंवतीं फिरतें. तें या नळाभोंवतीं फिरत नाहीं. म्हणूनच पाण्याचा कांटा स्थिर असतांही नळ लाल होऊं शकतो. रेडिएटरचें उकळणें आणि मॅनिफोल्डचें तापणें हे दोन निरनिराळे विकार आहेत. एकाचें औषध दुसऱ्याला चालत नाहीं. पंख्याचा पट्टा आवळून किंवा रेडिएटर धुऊन हा नळ थंड होणार नाहीं.

आतां हा नळ किती तापणें स्वाभाविक, आणि किती तापणें विकृत, हें प्रथम ठरवावयास हवें. लोखंड सुमारे ५२५ अंश सेल्सियसला पोंचलें, म्हणजे अंधारांत मंद तांबूस दिसूं लागतें. ७०० अंशांच्या पुढें तें चांगलें लाल होतें आणि ९०० च्या सुमारास नारिंगी छटा येते. पेट्रोलच्या इंजिनांतून पूर्ण भाराखालीं निघणारा वायु ७०० ते ९०० अंशांपर्यंत तापलेला असूं शकतो. तेव्हां लांबलचक चढावर, भरल्या गाडीनें, रात्रीच्या वेळीं नळावर किंचित् तांबूस झांक दिसली, तर तेवढ्यानें घाबरण्याचें कारण नाहीं. दिवसा तीच झांक डोळ्यांना दिसलीही नसती. परंतु गाडी सपाट रस्त्यावर रिकामी चालतांना, किंवा उभ्या जागीं इंजिन मंद फिरत असतांना, नळ लाल राहत असेल, तर तो निश्चित दोष समजावा. म्हणून पहिला प्रश्न नळाला विचारावयाचा नसून पाहणाऱ्याला विचारावयाचा असतो : हें केव्हां दिसलें, किती वेळ टिकलें, आणि भार उतरल्यावर तें निवलें काय?

दुसरा प्रश्न असा, कीं सगळा नळ सारखा तापला आहे, कीं एखादीच शाखा? या एका निरीक्षणानें अर्धी वाट सरते. चारही शाखा सारख्या लाल असतील, तर कारण चारही सिलिंडरांना समाईक असलें पाहिजे : ठिणगीची वेळ, कार्ब्युरेटरचें मिश्रण, किंवा पुढची कोंडलेली वाट. एकच शाखा अधिक लाल असेल, तर दोष त्या सिलिंडराच्या घरचा. तेथें बाहेरची हवा आंत शिरत असेल किंवा झडप नीट मिटत नसेल. आणि एखादी शाखा इतरांहून थंड असेल, तर तो सिलिंडर काम करीत नाहीं. त्याचें न जळलेलें पेट्रोल पुढें नळांत जाऊन तेथें पेटतें आणि जोडाजवळचा भाग तापवितें. ही परीक्षा थंड इंजिन सुरू केल्यानंतर पहिल्या एक-दोन मिनिटांतच करावी. आजकाल दुरून उष्णतामान दाखविणारें लहानसें इन्फ्रारेड थर्मामीटर गॅरेजांतून असतें. तें प्रत्येक शाखेवर धरलें, कीं हात न भाजतां आंकडे मिळतात. लाल झालेल्या बिडावर पाणी मात्र कधींही शिंपडूं नये. बीड एकाएकीं आंखडतें आणि तडकतें.

समाईक कारणांमध्यें पहिला मान ठिणगीच्या वेळेचा. पिस्टन वर येऊन पोंचण्याच्या थोडें आधीं ठिणगी पडावी, म्हणजे मिश्रण जळून त्याचा जोर पिस्टन खालीं जातांना त्याच्यावर पडतो. ठिणगी उशिरां पडली, तर जाळ पिस्टनला ढकलण्याच्या कामीं न येतां झडप उघडेपर्यंत धगधगत राहतो आणि तसाच नळांत शिरतो. जी उष्णता चाकांकडे जावयाची, ती नळाकडे जाते. गाडीची ओढ कमी होते. चालविणारा अधिक पेट्रोल देतो. अधिक पेट्रोल म्हणजे अधिक जाळ. घाटांतील त्या जिपेची हीच तऱ्हा होती असें मानल्यास सर्व लक्षणें जुळतात.

हा उशीर किती सूक्ष्म असतो, याची कल्पना येणें कठीण आहे. मिनिटाला २००० फेरे घेणारें इंजिन सेकंदाच्या एक हजारांश भागांत १२ अंश फिरतें. म्हणजे दहा अंशांची चूक हा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असा विलंब झाला. तेवढ्यानें नळ लाल होतो! जुन्या विलीज जिपेच्या चार सिलिंडरांच्या, १३४ घन इंचांच्या आणि ६० अश्वशक्तीच्या इंजिनांत ही ठिणगी पिस्टनच्या सर्वोच्च बिंदूच्या ५ अंश आधीं पडावी अशी योजना असते, आणि पॉइंटमधील अंतर ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर, ठेवावयाचें असतें. ज्याला कारागीर ‘डिल्को’ म्हणतात, त्या डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटची टांच फिरत्या कॅमवर घांसून झिजते. टांच झिजली, कीं पॉइंटमधील अंतर कमी होतें. अंतर कमी झालें, कीं पॉइंट उशिरां उघडतात. आणि पॉइंट उशिरां उघडले, कीं ठिणगी उशिरां पडते. कोणीही कांहीं बिघडविलेलें नसतांना केवळ काळानें ही चूक घडते, आणि ती इतकी हळूहळू घडते, कीं रोजच्या चालविणाऱ्याच्या लक्षांतही येत नाहीं. डिस्ट्रिब्युटरचा आवळता पट्टा ढिला होऊन तो किंचित् फिरला, अथवा वेग वाढल्यावर ठिणगी आधीं पाडणारीं आंतलीं वजनें गंजून अडकलीं, तरीही हेंच होतें. म्हणून प्रथम पॉइंटमधील अंतर पट्टीनें मोजावें, नंतर टायमिंग लाइट लावून खूण पाहावी, आणि इंजिनाचा वेग वाढविल्यावर ती खूण सरकते कीं नाहीं, हेंही पाहावें. या सर्व परीक्षेला फार तर अर्धा तास लागतो.

वेळ बिनचूक निघाली, तर मिश्रणाकडे वळावें. येथें प्लग हाच खरा साक्षीदार. प्लग काढून त्यांचीं तोंडें ओळीनें मांडावीं. तोंड फिकट तपकिरी असेल, तर मिश्रण योग्य; काजळीनें काळें असेल, तर पेट्रोल जास्त; पांढुरकें व कोरडें असेल, तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त. हवा प्रमाणाबाहेर झालेलें पातळ मिश्रण सावकाश जळतें, आणि त्याचा जाळ उशिरां पडलेल्या ठिणगीप्रमाणेंच नळापर्यंत पोंचतो. हवा जास्त होण्याचीं कारणें साधीं असतात : कार्ब्युरेटरच्या जेटमध्यें अडकलेला कचरा, खालावलेली पेट्रोलची पातळी, किंवा आंत हवा नेणाऱ्या नळाचें जळालेलें पॅकिंग. एकाच सिलिंडराजवळचें पॅकिंग गेलें असेल, तर त्या एकाच प्लगचें तोंड पांढुरकें दिसतें, आणि त्याच शाखेची लाली अधिक असते.

मिश्रणाच्या बाबतींत अलीकडे एक नवी गोष्ट जुन्या मोटारींच्या वाट्याला आली आहे. २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल सर्रास मिळूं लागलें. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यास वजनानें सुमारे १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला सुमारे ९ भागच पुरते. आणि या वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण साडेतेरा भाग. ज्या कार्ब्युरेटरचा जेट जुन्या पेट्रोलच्या हिशेबानें कोरलेला आहे, तो तितकेंच इंधन सोडतो. म्हणून मिश्रण आपोआप सात-आठ टक्क्यांनीं पातळ होतें. नवीन गाडींतील संगणक हा फरक स्वतः भरून काढतो. जुन्या कार्ब्युरेटरला तें साधत नाहीं. ज्याचें मिश्रण आधींच पातळीच्या कडेवर होतें, त्याला एवढा धक्का पुरेसा होतो. अशा वेळीं जाणत्या कारागिराकडून जेट आणि मंद वेगाचा स्क्रू पुन्हां जुळवून घ्यावा, आणि इथेनॉलनें फुगणाऱ्या जुन्या रबरी नळ्याही त्याच खेपेस बदलाव्या.

तिसरें समाईक कारण म्हणजे कोंडलेली वाट. चुलीचें धुराडें काजळीनें बुजलें, म्हणजे स्वयंपाकघरांत काय होतें, हें गृहिणींना सांगावयास नको. मोटारीचें धुराडें म्हणजे सायलेन्सर. तो आंतून गंजतो, त्याचे पडदे मोडून आडवे पडतात. खडकाळ वाटेवर नळी चेपते. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीच्या नळींत कुंभारमाशी मातीचें घर करते. जुन्या विलीज इंजिनांत आणखी एक विशेष आहे. थंडींत पेट्रोलची वाफ लवकर व्हावी, म्हणून जळालेल्या वायूची ऊब हवेच्या नळाकडे वळविणारी एक लहानशी झडप मॅनिफोल्डमध्यें असते. ती दोन धातूंच्या पट्टीच्या स्प्रिंगनें आपोआप फिरते. गंजून ती ऊब देण्याच्याच स्थितींत अडकली, तर भर उन्हाळ्यांतही हवेचा नळ आणि त्यावरचा कार्ब्युरेटर तापत राहतो. मग पेट्रोलची नळीमध्येंच वाफ होते आणि चढाच्या माथ्यावर गाडी बंद पडते. या झडपेचें वजन इंजिन थंड असतांना बोटानें हलवून पाहावें. तें सहज फिरलें पाहिजे.

वाट कोंडली आहे कीं नाहीं, याची एक सुरेख परीक्षा निर्वात मापकानें होते. हवेच्या नळाला तो जोडून इंजिन मंद चालविलें, तर निरोगी इंजिनांत समुद्रसपाटीजवळ कांटा १७ ते २१ इंचांवर स्थिर राहतो. उंचीवर मात्र प्रत्येक हजार फुटांस सुमारे एक इंच वजा करावा लागतो. आतां इंजिनाचा वेग वाढवून तो तसाच धरून ठेवावा. कांटा सावरून स्थिर राहिला, तर वाट मोकळी. तो हळूहळू खालीं घसरत गेला, तर जळालेला वायु कोंडतो आहे, असें निदान निश्चित होतें. मापक नसेल, तर मॅनिफोल्डखालचा जोड ढिला करून मोकळ्या जागेंत क्षणभर इंजिन चालवावें. गेलेली ओढ परत आली, तर दोष पुढच्या नळींत आहे.

एवढें करूनही एकाच शाखेचें कोडें उरलें, तर शेवटीं झडपांकडे जावें. झडप आणि टॅपेट यांमध्यें ठरलेलें अंतर हवें. तें संपलें, तर झडप पूर्ण मिटत नाहीं. पेटता वायु फटींतून बाहेर पडत राहतो आणि झडपेची कडा जाळून टाकतो. पूर्वींच्या पेट्रोलांत शिसें असे आणि त्याचा पातळ थर झडपेच्या बैठकीचें रक्षण करी. भारतांत २००० सालीं शिसेंयुक्त पेट्रोल बंद झालें, आणि आरोग्याच्या दृष्टीनें तें योग्यच झालें. मात्र ज्या जुन्या इंजिनांत ही बैठक कठीण धातूची नाहीं, तेथें ती लवकर झिजते, झडप आंत रुतते आणि टॅपेटचें अंतर कमी होतें. म्हणून अशा गाडीचें टॅपेट अधिक वेळां तपासावें, आणि शंका असल्यास प्रत्येक सिलिंडराचा दाब मोजावा.

डिझेलच्या जुन्या गाडीला ठिणगी नाहीं. पण तिचा न्याय वेगळा नाहीं. तेथें ठिणगीच्या जागीं पंपाची वेळ येते. डिझेल उशिरां फवारलें गेलें, नोझल ठिबकूं लागलें, पंपानें प्रमाणाबाहेर तेल दिलें, किंवा हवेचा फिल्टर धुळीनें बुजला, तर नळ तसाच तापतो. शेवटच्या दोन कारणांची साक्ष सायलेन्सरांतून निघणारा काळा धूर देतो. सुगीच्या दिवसांत धुळीच्या वाटांवर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर म्हणूनच पहिल्यानें झटकावा.

आतां पुन्हां आण्याच्या घाटांतील त्या जिपेकडे वळावें. तिच्या चारही शाखा सारख्या लाल आहेत. भार उतरून मंद फिरत असतांही लाली पुरती जात नाहीं. प्लगांचीं तोंडें एकसारखीं फिकट तपकिरी आहेत. सायलेन्सरांतून वायु मोकळेपणानें येतो. उरली ती वेळ. डिस्ट्रिब्युटरचें झांकण काढल्यावर पॉइंटची टांच झिजलेली आणि अंतर जेमतेम अर्धें राहिलेलें आढळतें. याच वेळीं मॅनिफोल्डच्या एका टोकाला काजळीचा काळा पट्टाही दिसतो, आणि सकाळीं इंजिन सुरू केल्यावर तेथून टिक्-टिक् असा आवाज येतो, जो इंजिन तापल्यावर लोपतो. मालकाचें पहिलें बोट याच टोकावर पडलें होतें. पॅकिंग जळालें, म्हणून नळ तापला, असें तो म्हणत होता. वस्तुतः नळ तापला, म्हणून पॅकिंग जळालें. अर्धा मीटर लांबीचें बीड ६०० अंशांनीं तापलें, तर तें सुमारे तीन मिलिमीटरांनीं वाढतें. दर खेपेस इतकें वाढणारा आणि आंखडणारा नळ टोकाचें पॅकिंग दळून काढतो, स्टड ढिले करतो आणि अखेर स्वतः तडकतो. आधीं पॉइंट न बदलतां नवें पॅकिंग घातलें असतें, तर तेंही थोड्याच दिवसांत गेलें असतें.

परंतु कार्य म्हणून तें पॅकिंग दुर्लक्ष करण्याजोगें नव्हतें. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं जुनी मोटार आहे, त्यांनीं ही एक गोष्ट तरी अवश्य लक्षांत ठेवावी. त्या फटींतून निघणाऱ्या वायूंत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. जळकट वास येतो तो इतर पदार्थांचा. तो आला नाहीं, म्हणून हवा शुद्ध आहे असें समजूं नये. थंडीच्या रात्रीं काचा व पडदे लावून बसलेल्या मंडळींना डोकें जड वाटूं लागलें, मळमळूं लागलें, लहान मुलें अवेळीं पेंगूं लागलीं, तर तो प्रवासाचा शीण मानून पुढें जाऊं नये. गाडी थांबवून सर्वांना तत्काळ मोकळ्या हवेंत उतरवावें, आणि त्रास शमला नाहीं तर डॉक्टरांकडे न्यावें. तसेंच लाल नळाची गाडी वाळलेल्या गवतावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ उभी करूं नये. बैलबाजाराच्या गांवीं कडबा कोठें नसतो? एवढ्या धगीला पेट घ्यावयास ठिणगीचीही गरज लागत नाहीं.

दुरुस्ती करतांना नळ पूर्ण निवल्यावरच त्याला हात घालावा. जुने गंजलेले स्टड ताकदीनें पिळल्यास इंजिनांतच मोडतात. त्यांना आदल्या दिवशीं तेल पाजावें. नवें पॅकिंग बसविल्यावर नट मधून सुरुवात करून दोन्ही टोंकांकडे, थोडेथोडे आणि आलटून-पालटून आवळावे. एक-दोन वेळां इंजिन तापून पुन्हां थंड झालें, म्हणजे ते आणखी एकदां तपासावे. तडकलेलें बीड सांधणें हें कसबी कारागिराचें काम आहे. नवा ओतीव नळ जुन्या गाडीला सहज मिळत नाहीं, म्हणून आहे तोच जपण्यांत शहाणपण आहे.

त्या जिपेला शेवटीं लागलें काय, तर पॉइंटचा एक जोड, एक पॅकिंग आणि अर्ध्या दिवसाची मेहनत. पुढच्या सोमवारीं तीच माणसें आणि तितकाच भार घेऊन ती घाट चढेल, तेव्हां माथ्यावर थांबून मालकानें एकदां झांकण उघडून पाहावें. अंधारांत नळ काळाच दिसला, किंवा दिसलीच तर किंचित् झांक दिसून इंजिन मंद फिरतांच ती विझून गेली, तर निदान खरें ठरलें असें समजावें, आणि मगच गाडी पठाराच्या वाटेला लावावी.